जकात : चाळिसाव्या हिश्श्याचा हिशेब

‘जकात’ म्हटले की मराठी माणसाला नाका आठवतो. शहराच्या वेशीवर खोळंबलेली मालमोटारींची रांग आणि पावती फाडणारा कारकून. मुंबई महापालिकेची ही जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर इतिहासजमा झाली. दख्खनच्या सुलतानांच्या आणि पुढे मराठ्यांच्या दफ्तरांतही जकात म्हणजे मालाच्या वाहतुकीवरील करच होता. मात्र शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ शुद्धी व वृद्धी असा दुहेरी. आपल्या संपत्तीतील ठरावीक हिस्सा गरजूला दिल्याने उरलेली संपत्ती शुद्ध होते व वाढते, ही त्यामागील श्रद्धा. इस्लामच्या पाच आधारस्तंभांत या दानाची गणना होते आणि कुराणात नमाजाच्या आज्ञेला जोडून त्याची आज्ञा वारंवार येते.

येथे ‘दान’ हा शब्दही थोडा फसवा आहे. दान देणाऱ्याच्या इच्छेवर असते. जकात तशी नाही. ऐपतदाराच्या संपत्तीत गरजूचा तो हक्कच आहे, असे धर्मशास्त्र मानते. खुशीने द्यावयाच्या दानाला ‘सदका’ असा सर्वसाधारण शब्द आहे. त्याला ना दर, ना तारीख. जकातीला दोन्ही आहेत. इ.स. ६३२ मध्ये प्रेषित मुहम्मद यांच्या निधनानंतर काही अरब टोळ्यांनी जकात मदिनेला पाठविण्यास नकार दिला, तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्यावर सैन्य धाडले होते. पुढे तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळापासून सोने-नाणे व रोकड यांसारख्या न दिसणाऱ्या संपत्तीचा हिशेब ज्याचा त्याने करावा, असा प्रघात पडला. भारतात आज सारीच जकात या दुसऱ्या प्रकाराने निघते. कोणी तपासनीस दारात येत नाही. रमजानच्या एखाद्या रात्री घरातला कर्ता वही-पेन घेऊन बसतो आणि स्वतःच स्वतःचा हिशेब तपासतो.

दर सोपा आहे. शंभर रुपयांस अडीच, म्हणजे चाळिसावा हिस्सा. एकूण रकमेला चाळिसाने भागले की आकडा मिळतो. अडचण भागाकारात नाही. ज्याला भागायचे ती रक्कम कोणती आणि मुळात भागायचे कोणी, यात आहे.

साडेसात तोळ्यांचा घोळ

जकात कोणावर लागू होते हे ठरविणाऱ्या किमान मर्यादेला ‘निसाब’ म्हणतात. प्रेषितांच्या काळात ती वीस दिनार सोने किंवा दोनशे दिरहम चांदी अशी होती. भारतीय उपखंडातील उलेमांनी तिचे वजन साडेसात तोळे सोने आणि साडेबावन्न तोळे चांदी असे ठरविले. पिढ्यान्‌पिढ्या हेच आकडे तोंडपाठ झालेले आहेत आणि नेमका तेथेच घोळ होतो. कारण हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. सराफाच्या दुकानात आज तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. जुन्या मापाने साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम आणि साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम होतात. ज्या बाईजवळ सराफी मापाचे आठ तोळे आहेत, ती स्वतःला सोन्याच्या मर्यादेपलीकडे समजते. प्रत्यक्षात तिचे ८० ग्रॅम त्या मर्यादेच्या आतच असतात. भारताबाहेरील अनेक विद्वान सोन्यासाठी ८५ व चांदीसाठी ५९५ ग्रॅम धरतात. हा फरक किरकोळ आहे. तोळ्याचा फरक किरकोळ नाही.

दुसरी अट वर्षाची. ही संपत्ती मालकीत येऊन एक चांद्रवर्ष लोटलेले असावे. हनफी मतानुसार वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस निसाब पुरा भरला तर पुरे. मधल्या काळात रक्कम खाली-वर झाली तरी चालते. पगार बारा महिने वेगवेगळ्या तारखांना आला म्हणून प्रत्येक पगाराचे वेगळे वर्ष मोजायचे नसते. हिशेबाच्या दिवशी जे शिल्लक असेल ते सारे एकत्र धरावयाचे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे असल्याने इंग्रजी तारखेने हिशेब ठेवणाऱ्याच्या पदरी तेहेतीस वर्षांत एका वर्षाची जकात बुडते. म्हणून इंग्रजी वर्ष धरणाऱ्यांनी अडीच टक्क्यांऐवजी सुमारे २.५८ टक्के द्यावेत, असे काही विद्वान सुचवितात.

रमजानातच जकात काढली पाहिजे असा नियम नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. ज्या दिवशी माणूस प्रथम निसाबाचा धनी झाला, ती चांद्रतिथी त्याची खरी तारीख. पण ती कोणाच्या लक्षात असते? शिवाय रमजानातील सत्कृत्याचे पुण्य अधिक, म्हणून बहुतेकांनी तोच महिना ठरवून टाकला आहे.

मागावर नाही, कापडावर आहे

मालेगाव किंवा भिवंडीतील एखाद्या यंत्रमागधारकाचा हिशेब पाहिला म्हणजे मोजायचे काय, हे चटकन उमगते. ज्या वस्तूंनी माणूस कमावतो त्यांवर जकात नाही. ज्या वस्तू विकण्यासाठी आहेत त्यांवर आहे. तेव्हा माग, मोटार, कारखान्याची शेड, राहते घर आणि दारातली दुचाकी हिशेबाबाहेर राहतात. गोदामातील सूत, बीमवर चढलेले सूत, विणून तयार झालेले तागे, गल्ल्यातील व बँकेतील रोकड आणि व्यापाऱ्याकडून येणे असलेली उधारी हिशेबात येते.

समजा, हिशेबाच्या दिवशी त्याच्याकडे तीन लाखांचे कापड व दीड लाखाचे सूत आहे, ऐंशी हजार रुपये रोख आहेत आणि दोन लाखांची उधारी येणे आहे. बेरीज झाली ७ लाख ३० हजार. सूत व्यापाऱ्याचे २ लाख ४० हजार देणे आहे. हनफी मताप्रमाणे ते वजा होते. उरले ४ लाख ९० हजार. त्याचा चाळिसावा हिस्सा १२ हजार २५० रुपये. कापडाची किंमत आजच्या विक्रीदराने धरायची, खरेदीच्या नव्हे. भाव पडलेला असेल तर जकातही उतरते. उधारी बुडीत असेल, तर ती हाती येईपर्यंत मोजण्याची गरज नाही.

परंतु या गावांतील असंख्य माग मजुरीवर चालतात. सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच; मागवाल्याच्या हाती येते ती विणाईची मजुरी. अशा माणसाच्या शेडमध्ये लाखाचा माल पडलेला दिसला तरी त्यातला एक धागाही त्याचा नाही. त्या मालाची जकात व्यापाऱ्याने द्यायची. मागवाल्याने फक्त आपली साठलेली मजुरी मोजायची आणि ती बहुधा निसाबापर्यंत पोहोचतच नाही.

घरगुती हिशेबातही असेच बारकावे आहेत. मुलीच्या लग्नासाठी किंवा हजसाठी बाजूला ठेवलेले पैसे कितीही पवित्र हेतूचे असले तरी मोजले जातात. भिशीत भरलेले हप्ते, भिशी लागलेली नसेल तर, ‘येणे’ म्हणून धरले जातात. लागून गेली असेल तर उरलेले हप्ते ‘देणे’ होतात. सक्तीने कापल्या जाणाऱ्या भविष्यनिर्वाह निधीवर, रक्कम हाती पडेपर्यंत जकात नाही, असे अनेक हनफी मुफ्तींचे मत आहे. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही, साठलेल्या भाड्यावर आहे. विकून नफा मिळवायचा या इराद्याने घेतलेल्या भूखंडावर मात्र दरवर्षी बाजारभावाने द्यावी लागते आणि गुंतवणूक म्हणून जमीन घेणाऱ्यांची येथे बरीच कुचंबणा होते, कारण हाती पैसा नसताना कागदावरची किंमत वाढत जाते. बँकेच्या व्याजाचा प्रश्न वेगळाच. व्याज निषिद्ध असल्याने ती रक्कम वेगळी काढून पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाकायची असते. ती जकात म्हणून खपवता येत नाही. गृहकर्जासारखे दीर्घ मुदतीचे कर्ज पूर्ण वजा केले तर लक्षाधीशही निसाबाखाली जाईल. म्हणून अनेक विद्वान केवळ चालू वर्षाचे हप्ते वजा करू देतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हिशेब कुटुंबाचा नसतो, व्यक्तीचा असतो. पत्नीचे दागिने तिचे, त्यांची जकात तिची. पतीने तिच्या संमतीने ती भरली तर चालते, पण जबाबदारी तिच्यावरून सरकत नाही.

एकच बाई : देणारी की घेणारी?

जकातीच्या साऱ्या नियमांत सामान्य घराला सर्वाधिक पेचात टाकणारी बाब ती हीच. समजा, एका विधवेजवळ सराफी मापाचे पाच तोळे, म्हणजे ५० ग्रॅम सोन्याचे दागिने आहेत आणि बँकेत वीस हजार रुपये. आकडेमोडीच्या सोयीसाठी सोन्याचा भाव ग्रॅमला १२ हजार आणि चांदीचा १५० रुपये धरू. सोन्याचा निसाब होतो १० लाख ४९ हजार ७६० रुपये. चांदीचा अवघा ९१ हजार ८५४.

तिच्याजवळ केवळ सोने असते, चांदी वा शिलकी रोकड मुळीच नसती, तर ५० ग्रॅम हे ८७.४८ पेक्षा कमी म्हणून तिला काहीच द्यावे लागले नसते. पण सोन्याबरोबर खर्चातून उरलेली थोडी जरी रोकड असली, तरी हनफी मतानुसार दोहोंची एकत्र किंमत करतात आणि ती चांदीच्या निसाबाशी ताडून पाहतात. सोन्याचे सहा लाख आणि रोख वीस हजार, एकूण ६ लाख २० हजार. जकात १५ हजार ५०० रुपये. वीस हजारांच्या शिलकीतून! पुढल्या वर्षी भाव वाढला की, दागिना तोच असूनही, आकडा आणखी फुगतो. रोख देणे शक्य नसेल तर सोन्याचाच चाळिसावा भाग, सव्वा ग्रॅम, देण्याची मुभा आहे. पण बांगडीतून सव्वा ग्रॅम कापणार कसा? किंमत धरताना घडणावळ आणि खडे वगळायचे असतात, एवढीच काय ती सवलत. शिवाय निसाबाची मालकीण ठरल्याने तिला इतरांची जकात घेताही येत नाही.

हीच बाई रत्नागिरीच्या एखाद्या कोकणी मुस्लिम घरातील असती तर? महाराष्ट्रातील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी परंपरेचे असले, तरी कोकणपट्टीतील मुस्लिम प्रामुख्याने शाफई आहेत. अरब व्यापाऱ्यांशी असलेल्या शतकानुशतकांच्या दर्यावर्दी संबंधांचा तो वारसा. शाफई मताच्या प्रचलित निर्णयानुसार स्त्रीच्या नेहमीच्या वापरातील, रूढीला धरून असलेल्या दागिन्यांवर जकात नाही. मग हिशेबात उरतात केवळ वीस हजार रुपये. त्यांवर जकात लागू होत नाही. उलट तिची मिळकत तिच्या गरजांना अपुरी असेल, तर ती जकात घेण्यास पात्र ठरू शकते. मालेगावात देणारी ठरलेली बाई रत्नागिरीत घेणारी ठरते.

याचा अर्थ शाफई मत सरसकट सौम्य आहे असा मात्र नव्हे. वर पाहिलेल्या मागवाल्याला सूत व्यापाऱ्याचे देणे या मतात वजा करता आले नसते. त्याची जकात १८ हजार २५० वर गेली असती. वडील वारल्यावर अज्ञान मुलाच्या नावे ठेवलेल्या ठेवीवर हनफी मत जकात लावत नाही; शाफई मतात पालकाने त्या ठेवीतून ती काढलीच पाहिजे. शेतीचेही तसेच. पावसावरच्या पिकाचा दहावा आणि पाणी विकत वा उपसून दिलेल्या पिकाचा विसावा हिस्सा ही शेतीची जकात. तिला ‘उश्र’ म्हणतात. शाफई मतात ती साठवून खाण्याच्या धान्यावर आहे, फळांत केवळ खजूर व द्राक्षांवर. म्हणजे कोकणातल्या भाताला ती लागते, हापूसला नाही! आंब्याचे पैसे वर्षभर टिकले तर त्या पैशांवर द्यावी लागते, एवढेच. इमाम अबू हनीफा यांच्या मते फळे, भाजीपाला साऱ्यांवरच उश्र आहे; मात्र भारतातील जमिनींना तो लागू होतो की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत.

चांदीची घसरण

सोन्याचा आणि चांदीचा निसाब यांत एवढी दरी का पडली, हे पाहणे उद्‌बोधक आहे. सातव्या शतकात वीस दिनार आणि दोनशे दिरहम यांचे मोल जवळपास सारखेच होते. ८५ ग्रॅम सोने आणि ५९५ ग्रॅम चांदी, म्हणजे सोने चांदीच्या सुमारे सातपट महाग. त्या काळी माणूस कोणत्याही मापाने मोजला तरी तो तेवढाच श्रीमंत वा गरीब ठरत असे. पुढे चांदी घसरत गेली. जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव भडकला होता, तेव्हाही सोने तिच्या सतरापट होते. मार्च २०२० मध्ये ते एकशेवीसपटीच्या पुढे गेले. एकाच मर्यादेची दोन मापे आता दोन वेगळ्या वर्गांची झाली आहेत. सोन्याने मोजले तर सुखवस्तू माणूसच जकातीला पात्र. चांदीने मोजले तर घरी जुना शीतकपाट आणि बँकेत लाखभर रुपये असलेला कामगारही.

विसाव्या शतकात जकातीवर विस्तृत ग्रंथ लिहिणारे इजिप्शियन विद्वान युसूफ अल करदावी (१९२६-२०२२) यांनी याच कारणाने सोन्याचे माप स्वीकारावे असे प्रतिपादन केले. सोन्याची क्रयशक्ती शतकानुशतके त्या मानाने स्थिर राहिली, असा त्यांचा युक्तिवाद. उपखंडातील बहुतेक हनफी उलेमा मात्र चांदीवर ठाम आहेत. मर्यादा खाली असली की देणारे वाढतात आणि गरिबांच्या पदरात अधिक पडते, शिवाय संशयाच्या जागी सावध बाजू धरावी, ही त्यांची भूमिका. युक्तिवाद दोन्हींकडे सबळ आहेत. तथापि खालची मर्यादा जसे देणारे वाढवते तसेच घेण्यास पात्र असणाऱ्यांची संख्या कमी करते, हे या चर्चेत अनेकदा निसटते.

पाकिस्तानात १९८० च्या जकात व उश्र अध्यादेशाने रमजानच्या पहिल्या दिवशी बचत खात्यांतून जकात थेट कापण्याची पद्धत सुरू झाली आणि कपातीची मर्यादा तेथे सरकार दरवर्षी चांदीच्या भावावरून जाहीर करते. त्या वर्षी शिया समाजाने इस्लामाबादेत मोठे आंदोलन केले व सूट मिळविली. त्यांच्या शास्त्रात नोटांच्या शिलकीवर जकात नसून वार्षिक बचतीच्या पाचव्या हिश्श्याचा ‘खुम्स’ आहे. बँकेच्या एका वजावटीने सर्व पंथांना एका मापात बसविता येत नाही, हे तेव्हा दिसून आले.

कोणाला द्यावी

कुराणाच्या नवव्या अध्यायातील साठाव्या वचनात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. गरीब, अगदी नाडलेले, जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मने जुळवायची आहेत ते, गुलामांची मुक्ती, कर्जबाजारी, ईश्वरी मार्गातील कार्य आणि वाटेत अडकलेला प्रवासी. आईवडील, आजीआजोबा, मुले व नातवंडे यांना जकात देता येत नाही, कारण त्यांचे पोषण हे मुळातच कर्तव्य आहे. गरजू भाऊ, बहीण, आत्या, मावशी यांना मात्र देता येते, नव्हे त्यांचा हक्क आधीचा. प्रेषितांच्या घराण्यातील, म्हणजे सय्यदांना जकात वर्ज्य आहे. बहुतेक विद्वानांच्या मते जकात मुस्लिम गरजूलाच द्यावी. अन्य धर्मीय शेजाऱ्याला मदत करण्यासाठी सदक्याचे दार सदैव उघडे असते.

आणखी एक अट ‘तमलीक’ची. रक्कम किंवा वस्तू गरजूच्या मालकीची झाली पाहिजे. म्हणून मशीद बांधणे, विहीर खणणे किंवा रुग्णालयाची इमारत उभारणे यांसाठी जकात वापरता येत नाही, असे हनफी मत सांगते. रुग्णाचे देयक किंवा विद्यार्थ्याचे शुल्क त्याच्या वतीने भरता येते. मुंबईच्या मुस्लिम वस्त्यांत रमजानात दूरदूरच्या मदरशांचे वसुली प्रतिनिधी, ‘सफीर’, पावती पुस्तके घेऊन फिरतात. त्यांना वसुलीवर टक्केवारी देण्याच्या प्रथेला अनेक उलेमांचा आक्षेप आहे. देणाऱ्यानेही पावतीवर ‘जकात’ असा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा, कारण सर्वसाधारण देणगीत मिसळलेली रक्कम इमारतीच्या सिमेंटात जाऊ शकते. अलीकडे जकातीतून शिक्षणासाठी मदत करणाऱ्या संस्थाही उभ्या राहिल्या असून दिल्लीत १९९७ मध्ये स्थापन झालेली झकात फाउंडेशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक.

ईदच्या नमाजापूर्वी द्यावयाचा ‘फित्रा’ ही जकातीहून वेगळी बाब आहे. तो माणशी ठरतो, तान्ह्या बाळामागेही द्यावा लागतो आणि हनफी घरांत सुमारे पावणेदोन किलो गव्हाची किंमत अशा रूपाने निघतो. कोकणातील शाफई घरे तांदूळच मोजून देतात.

मागील वर्षांची राहून गेलेली जकात मुदत संपली म्हणून माफ होत नाही. त्या-त्या वर्षीच्या शिलकीचा अंदाज करून, आधीच्या वर्षाचे देणे वजा करीत, ती वर्षागणिक काढावी लागते आणि एकरकमी झेपत नसेल तर हप्त्यांनीही देता येते. घेणाऱ्याला ती जकात आहे असे सांगण्याचे मात्र बंधन नाही. देणाऱ्याच्या मनात हेतू असला की पुरे. म्हणूनच कित्येक घरांतून ती मुलांची ‘ईदी’ किंवा सणाची भेट म्हणून नातलगाच्या हाती दिली जाते आणि घेणाऱ्याला हे पैसे कोणत्या हिशेबातले, याचा पत्ताही लागत नाही.